पडद्यावर वाकवलेला बाप

"असं नाही रे. कमरेतून वाक. तुमच्यात करतात तसा कर ना. तुला काय शिकवायला पाहिजे?"

हे वाक्य मराठीत होतं. स्टुटगार्टमधल्या एका तालमीच्या हॉलमध्ये. आजूबाजूला सगळे जर्मन. त्यांतल्या एकालाही ते कळलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं. बोलणारा श्रीकांत होता. पुण्याचा. माझा मित्र.

मी धोतर नेसून उभा होतो. अनवाणी. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरं बांधलेली काठी. तोंडाला काळा रंग. माझा मूळचा रंग त्यांना पुरेसा काळा वाटत नव्हता, म्हणून वरून आणखी. समोर खुर्चीवर एक जर्मन नट बसलेला. त्याच्या तोंडाला तपकिरी रंग, डोक्याला फेटा, ओठावर चिकटवलेली मिशी. तो पाटील आणि मी त्याच्या गावचा महार. मी त्याला जोहार घालायचा होता. कमरेत वाकायचं, उजवा हात जमिनीला लावायचा, तोच हात कपाळाला न्यायचा आणि म्हणायचं, "जोहार, मायबाप."

मी वाकत नव्हतो म्हणून तालीम थांबली होती.

दिग्दर्शक लिंडनर सिगारेट ओढत बसला होता. "बरं, अडचण काय आहे?" त्यानं विचारलं. तेव्हा श्रीकांत पुढे आला. कोटाची बटणं काढली. माझ्या हातातली काठी घेतली आणि सगळ्यांसमोर जोहार करून दाखवला. पाठ बरोबर वाकली. हात बरोबर जमिनीला टेकला. जर्मन लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटील झालेला नट म्हणाला, "किती सुंदर!"

श्रीकांतनं काठी परत माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "बघ. एवढं सोपं आहे."

तो जोहार त्याला मीच दाखवला होता. माझ्या खोलीत, दार लावून. ते कसं झालं ते आधी सांगतो.

मी जर्मनीला गेलो तो सरकारी शिष्यवृत्तीवर, यंत्रांचं शिक्षण घ्यायला. बोटीनं जिनोवा, तिथून आगगाडीनं स्टुटगार्ट. महायुद्धातली शहराची पडझड अजून पुरती भरून निघाली नव्हती. चढावरच्या एका घरात पोटमाळ्यावरची खोली भाड्यानं मिळाली. घरमालकीण फ्राऊ बाउअर, विधवा बाई. तिनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही राजपुत्र आहात का?"

तिचा काही दोष नव्हता. जर्मन लोकांना तेव्हा हिंदुस्थानी माणूस दोनच प्रकारचा माहीत होता. महाराजा नाहीतर फकीर. मला हसू आलं. आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला उंबऱ्यावर थांबवून आडनाव विचारलं नव्हतं. त्या घरात मी सरळ आत गेलो, नळाचं पाणी प्यालो, आणि कुणाचं तोंड वाकडं झालं नाही.

टीव्ही नुकता घराघरांत येत होता. तिथल्या एका छोट्या कंपनीत टीव्हीसाठी नाटकं तयार व्हायची. कॉलेजच्या खाणावळीत एकदा त्यांची सूचना लागली, सावळ्या रंगाचे विद्यार्थी पाहिजेत. मी गेलो. पहिल्याच दिवशी मला चिनी स्वयंपाकी केलं. चिकटपट्टीनं डोळ्यांच्या कडा ओढल्या, डोक्यावर वेणीचा टोप घातला. तिथं तैवानचा एक विद्यार्थी होता, लिन, डॉक्टरकी शिकणारा. त्याला मात्र मागे ट्रे घेऊन उभं केलं. का, तर त्याचं जर्मन फार स्वच्छ होतं. चिनी स्वयंपाक्यानं असं बोलून कसं चालेल? म्हणून मोडकं बोलणारा मी पुढे आणि खराखुरा माणूस मागे. आम्ही दोघं त्या दिवशी पोट धरून हसलो. तेव्हापासून आमचं जमलं.

पुढे मी सगळा आशिया झालो. गालिचे विकणारा अरब झालो, सयामच्या राजाचा गुलाम झालो, गारुडी झालो, फकीर तर किती वेळा. बहुतेक नाटकांत मी पहिल्या अर्ध्या तासात मरायचो. एकदा तर एकाच नाटकात दोनदा मेलो, कारण माणसं कमी पडली. वाक्यं मला तीन-चार शब्दांची. "होय, साहेब." "चहा, मॅडम." तरी ते काम मला आवडायला लागलं. आमच्या वस्तीत जलसे व्हायचे. चुलता ढोलकी वाजवायचा आणि मी पोरवयात कोर्टातला वकील व्हायचो, सावकाराला उलटे प्रश्न विचारायचो. लोक हसायचे, ओरडायचे, बाया डोळे पुसायच्या. कॅमेऱ्यापुढे उभा राहिलो की ती वस्ती आठवायची. मला नट व्हायचं होतं. यंत्रं पोटासाठी, हे मनासाठी, असं मी ठरवून टाकलं होतं.

लिन एकदा म्हणाला, "हे लिहिणारे लोक आपल्याला कधी भेटलेलेच नाहीत. म्हणून आपल्या हातात नेहमी ट्रे. तू लिहीत का नाहीस?"

आता श्रीकांत.

तो रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता. जर्मन पुण्यातच शिकून आलेला, फाडफाड बोलायचा. पहिल्या भेटीत त्यानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याला जे समजायचं ते समजलं. तो म्हणाला, "मी जात मानत नाही हं." मी काही त्याला विचारलं नव्हतं. पण परक्या देशात मराठी बोलणारा माणूस भेटला की पोटात भाकरी गेल्यासारखं वाटतं. मी विश्वास ठेवला. रविवारी तो माझ्या खोलीवर यायचा. मी खिचडी टाकायचो. त्याच्या आईनं पाठवलेलं लोणचं तो आणायचा. भांडी कमी, म्हणून एकाच ताटात जेवायचो. एका ताटात जेवणं ही त्याच्यासाठी काय गोष्ट होती मला ठाऊक नाही. माझ्यासाठी फार मोठी होती.

अशाच एका रविवारी मी त्याला बापाची गोष्ट सांगितली.

माझा बाप गावचा येसकर. पाटलाचे निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, चावडीपुढे राबायचं आणि येता-जाता जोहार घालायचा. बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानं ठरवलं, आता जोहार बंद. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो, सुट्टीला घरी आलेलो. पाटलाचं बोलावणं आलं. बाप निघाला, मला म्हणाला, "चल माझ्यासंगं. बघून ठिव." चावडीवर गाव बसलेलं. बाप गेला आणि उभा राहिला. हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार, पाटील."

पाटील म्हणाला, "का रं, कंबर मोडली का काय?"

बाप म्हणाला, "न्हाई पाटील. आत्ता कुठं सरळ झालीया."

एवढंच. आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानात आम्हाला मीठ मिळेना. बलुतं बंद झालं. वस्तीतल्या दोघांना वाटेत गाठून मारलं. आईनं बापाला एकदाच विचारलं, "आता वो?" बाप म्हणाला, "आता काय? मोलमजुरी." आणि खरंच तालुक्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला. पुन्हा चावडीची पायरी चढला नाही.

श्रीकांतनं हे ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाला, "हे लिही. हे नाटक आहे." मग थोड्या वेळानं विचारलं, "पण जोहार म्हणजे नक्की कसा घालायचे रे?"

मी आयुष्यात कधी जोहार घातला नव्हता. बापानं मला घालू दिला नव्हता. आजोबाला घालताना बघितलेला. तरी मी उठलो, दार लावलं आणि त्याला करून दाखवला. घोंगडी कशी घ्यायची, काठी कुठं टेकायची, सावली पडू नये म्हणून कोणत्या बाजूला उभं राहायचं, सगळं. आयुष्यात मी पहिल्यांदा वाकलो ते मित्राला समजावं म्हणून.

नाटक मी मराठीत लिहिलं. बापाचं ते वाक्य मला दुसऱ्या भाषेत येईना. श्रीकांत म्हणाला, जर्मन मी करून देतो. करून दिलं, मी वाचलं, बरोबर होतं. बाप सरळ होता. आम्ही दोघं लिंडनरकडे गेलो. लिंडनरला आवडलं. म्हणाला, बापाचं काम तुम्हीच करा. पहिल्यांदा मला पूर्ण वाक्यं मिळणार होती. पहिल्यांदा मी शेवटपर्यंत जिवंत राहणार होतो. लिंडनर श्रीकांतला "हेर डॉक्टर", म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायला लागला. तो अजून डॉक्टर झाला नव्हता. त्यानं दुरुस्ती केली नाही. हिंदुस्थानाविषयी काही विचारायचं तर हेर डॉक्टरना विचारा, असं ठरून गेलं.

मी घरी कळवलं. बापाची गोष्ट जर्मनीत टीव्हीवर दाखवणार म्हणून. टीव्ही म्हणजे काय हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं. बापाला आम्ही आबा म्हणायचो. धाकट्या भावानं उत्तर लिहिलं, "आबा विचारतात, तिथं मला कोण कोण बघणार?" मी लिहिलं, सगळा देश बघणार. भावानं पुढच्या वेळी कळवलं की आबा वस्तीभर सांगत फिरतायत. ज्या माणसाला गावानं सरळ उभं राहू दिलं नाही, तो आता एका अख्ख्या देशापुढे सरळ उभा राहणार होता. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. झोपताना तेच, उठताना तेच.

आणि मग पोशाखासहच्या तालमीचा तो दिवस आला.

सकाळी रंगपटात गेलो. रंग लावणारी बाई जुनी, ओळखीची. तिनंच मला चिनी केलं होतं, अरब केलं होतं. त्या दिवशी तिनं स्पंज उचलला आणि हात मध्येच थांबला. घाबरत घाबरत म्हणाली, "माफ करा. तुम्हाला हात लावलेला चालतो ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हेर डॉक्टरनी. त्यांनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. तुम्ही किती सोसलंय ते." तिचे डोळे भरले होते. बिचारी मनानं चांगली होती.

त्या देशात मला कुणी महार म्हणून ओळखत नव्हतं. राजपुत्र समजायचे, गारुडी समजायचे, चिनी समजायचे. माझी जात समुद्र ओलांडून यायला वाट शोधत होती, ती तिला श्रीकांतच्या तोंडात सापडली. आता हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. आजाऱ्याकडे बघतात तसं. कुणीतरी मला बसायला खुर्ची आणून दिली.

तिथंच नव्या संहितेचे कागद हातात आले. मी रंग लावून, धोतर नेसून शेवटची पानं वाचली. बाप चावडीवर ताठ उभा राहतो, उद्धट बोलतो. मग त्याला पश्चात्ताप होतो. तो परत येतो, वाकतो, जोहार घालतो. पाटील विरघळतो, त्याला उठवतो, छातीशी धरतो. आणि पाठीमागे बासरी वाजते. बहिष्कार नाही, मीठ नाही, खडी नाही. बापाचं ते वाक्य तर कुठंच नव्हतं.

म्हणून मी वाकलो नाही. म्हणून श्रीकांतनं मला जोहार करून दाखवला. म्हणून टाळ्या झाल्या.

काठी हातात घेऊन मी लिंडनरला विचारलं, "हा शेवट कुणाचा?"

लिंडनरला आश्चर्य वाटलं. "पण तुमच्या मित्रानंच सांगितलं. ते म्हणाले, तिकडे असा माणूस असा उभा राहणं शक्यच नाही. खोटं वाटेल. आम्हाला अस्सल हवंय."

"तो माणूस माझा बाप आहे."

लिंडनरनं श्रीकांतकडे पाहिलं. श्रीकांत जर्मनमध्ये म्हणाला, "तो विषयाच्या फार जवळ आहे. समजून घ्यायला हवं." मग माझ्याकडे वळून मराठीत, "अरे, एक शेवट तर बदललाय. तपशील सगळे तुझेच ठेवलेत. काठी बघ, घोंगडी बघ. तू भावनेच्या भरात लिहितोस. कलेत जरा तटस्थ व्हावं लागतं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. एका ताटात जेवलेला माणूस. माझ्या घरची काठी त्यानं घेतली, घोंगडी घेतली, जोहार घेतला. सगळं अस्सल ठेवलं आणि खोटा केला तो फक्त माझा बाप.

मी म्हणालो, "नाइन." नाही. मग खास श्रीकांतसाठी मराठीत म्हणालो, "माझा बाप वाकला नाही. मी वाकणार नाही."

घोंगडी काढून खुर्चीवर टाकली. काठी ठेवली. नळाखाली तोंड धुतलं. तो रंग लवकर निघत नाही. मान, कान, गळा घासत राहिलो. मागे लिंडनर वैतागून बोलत होता, वेळ नाही, दुसरा माणूस कुठून आणू. त्याची नजर लिनवर गेली. लिन गावकऱ्याच्या वेषात मडकं घेऊन उभा होता. लिंडनर म्हणाला, "हा करेल का?" लिननं मडकं खाली ठेवलं आणि त्याच्या त्या फार स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, "मीही निघालो."

तेव्हा श्रीकांत म्हणाला, "मी करतो."

मी वळून बघितलं. तो खरंच कोट उतरवत होता. रंगाची बाई स्पंज घेऊन आली. त्याला हात लावताना ती थांबली नाही. ज्याच्या घरच्या ओट्याखाली उभं राहून आमच्या पिढ्यांनी जोहार घातले, तो आनंदानं जोहार घालायला तयार झाला. त्याला काय? त्याचा रंग घरी जाऊन धुता येणार होता.

नाटक लागलं त्या संध्याकाळी फ्राऊ बाउअरनं शेजारणींना बोलावलं होतं. केक केला होता. मी येणार नव्हतो, पण बाई वर येऊन म्हणाली, "तुमच्या देशाचं नाटक आहे, चला ना." गेलो. मागच्या खुर्चीत बसलो. पडद्यावर लेखक म्हणून श्रीकांतचं नाव आलं. खाली बारीक अक्षरात, एका हिंदुस्थानी विद्यार्थ्याच्या कल्पनेवरून. आयत्या बिळावर नागोबा बसला होता आणि बीळ खणणाऱ्याला नावसुद्धा उरलं नव्हतं. मग तो वाकला. कॅमेरा जवळ गेला. जमिनीला टेकलेला हात, कपाळाला लागलेली माती. बासरी. पाटलानं मिठी मारली. बायका रडायला लागल्या.

फ्राऊ बाउअर म्हणाली, "किती नम्र माणसं आहेत तुमच्याकडची!"

शेजारीण म्हणाली, "मोठ्यांपुढे मान झुकवणं आपल्या पोरांना शिकवायला पाहिजे."

बाहेर रस्त्याच्या भिंतींवर अजून बॉम्बचे व्रण होते. आणि ह्या बाईला पोरांना अजून मान झुकवायलाच शिकवायचं होतं. मी उठून म्हणालो, "हे खोटं आहे. तो माझा बाप होता. तो वाकला नव्हता."

फ्राऊ बाउअर मायेनं म्हणाली, "पण मग शेवट किती वाईट झाला असता." आणि तिनं माझ्यासाठी केकचा मोठा तुकडा कापला.

दोन दिवसांनी श्रीकांत आला. हातात घरच्या चिवड्याचा डबा. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. तो कौतुक करून घ्यायला आला होता.

"रागावलायस?" तो म्हणाला. "अरे, तुझा विषय मी जगापुढे नेला. नाहीतर कुणी ऐकलं असतं? लिंडनर पुढचं नाटक मागतोय. आपण मिळून लिहू. तुझ्याकडे अनुभव आहे, माझ्याकडे भाषा आहे."

मी दारातच उभा होतो. त्याला आत घेतलं नाही.

म्हणालो, "बाप माझा. गोष्ट माझी. लिहिली मी, मराठीत. तुझं काय आहे त्यात?"

"तू आता जातीवर येतोयस. मी जात मानत नाही, तुला माहीत आहे."

"जात मी नाही आणली इथं. तू आणलीस. लोणच्याच्या बरणीबरोबर."

त्याचा चेहरा पडला. दुखावल्यासारखं म्हणाला, "मी तुझ्या ताटात जेवलोय."

तेव्हा माझे डोळे उघडले. एवढे रविवार मला वाटत होतं, आम्ही दोघं जेवतोय. तो उपकार करत होता. मनातल्या मनात प्रत्येक घास मोजून ठेवत होता, आणि आज मला तो हिशोब दाखवत होता. मी दार लावून घेतलं. मग जिन्यावर पावलं वाजली.

घरून विचारणा आली. आबा विचारतात, नाटकात मी कसा दिसलो? खोटं लिहिणं सोपं होतं. तिकडे कुणाला कळणार होतं? बाप खूश झाला असता. पण खोटं लिहिलं असतं तर श्रीकांतमध्ये आणि माझ्यात फरक काय? मी खरं लिहिलं. तुम्हाला त्यांनी वाकवलं, आबा. भावानं कळवलं की आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "वाकणारा आपला पोरगा होता का?" भाऊ म्हणाला, नव्हता. "मग झालं," म्हणाले, आणि जेवायला बसले.

बापाचं झालं. माझं झालं नाही.

लिंडनरनं मला पुन्हा बोलावलं. गुन्हेगारीच्या नाटकांची मालिका काढतोय म्हणाला. त्यात इंग्रज लॉर्डचा हिंदू नोकर, प्रत्येक भागात काम, वर्षभर. नटाला आणखी काय पाहिजे? मी म्हणालो, "करतो. पण माझी वाक्यं मी लिहिणार." तो हसला. "तुम्ही नट आहात की लेखक?" मी म्हणालो, दोन्ही. तो म्हणाला, मग दुसरी कंपनी बघा. दुसरी कंपनी नव्हती. मी टोपी घातली आणि निघालो.

आता मी जर्मनमध्ये स्वतः लिहितो. चुका होतात. व्याकरण लंगडतं. लिन वाचतो आणि चूक दाखवतो, पण पेन माझ्या हातात ठेवूनच. त्याच्या डॉक्टरकीच्या परीक्षेच्या दिवसांतही तो वाचत बसायचा. आम्ही दोघं मिळेल त्या हॉलमध्ये उभे राहून करून दाखवतो. कधी वीस माणसं येतात, कधी पाच. टीव्हीवाल्यांनी आमचं एकही नाटक घेतलेलं नाही. सुधारून घेतो म्हणतात. सुधारून मी देणार नाही. माझ्या माणसांची गोष्ट कुणाच्या भल्या मनाच्या हवाली मी पुन्हा करणार नाही, मग तो जर्मन असो नाहीतर मराठी. मराठी असेल तर मुळीच नाही.

श्रीकांतला मी माफ केलेलं नाही.

ते नाटक अजून फिरतंय. चर्चच्या सभागृहांत, हिंदुस्थानावरच्या व्याख्यानांना त्याची फिल्म लावतात. मागच्या महिन्यात इथं स्टुटगार्टमधल्याच एका हॉलमध्ये लावली होती. मी गेलो. शेवटी दिवे लागले, लोक डोळे पुसत होते, आणि मी उठून सांगितलं की हे खोटं आहे. हा माणूस माझा बाप होता आणि तो वाकला नव्हता. पाद्री म्हणाला, शांत बसा. मी बसलो नाही. दोघांनी दंड धरून मला बाहेर काढलं. पुढचा प्रयोग फ्रँकफर्टला आहे, मी चौकशी केली आहे. तिथंही जाणार. जिथं जिथं ते माझ्या बापाला वाकवतील, तिथं तिथं मी उठून उभा राहणार आणि त्यांना तो शेवट सुखानं बघू देणार नाही.